पॉझिटिव्हची साखर

मंद्रूप, १२ एप्रिल २०२१

चि. सौ. पूनम हीस बजाबाई आजीचे आशीर्वाद. वि. वि.

तुझी विसराळू बुद्धी तेवढी पोटातल्याला देऊ नको. पत्रात सासूचा गुडघा लिहिलास, नवऱ्याच्या कारखान्यातले बंद माग लिहिलेस, रविवारी डोहाळजेवणाला किती बायका ते लिहिलंस. आणि तीन दिस ताप हाय, बसल्या जागी दम लागतो, हे कागद संपताना आठवलं व्हय?

हेमावती विहीणबाई म्हणतात, आठव्या महिन्यात धाप लागतेच. लई जाणत्या. मी सहा बाळंतपणं केली, भारा घेऊन चढ चढले. चढताना लागतो तो पोटाचा दम. पाटावर बसून लागतो तो न्हाय. तपासलं तर डोहाळजेवण मोडंल, म्हणून तपासायचं न्हाय. ओटीत फळं पडली की श्वास येतो का, विचार त्यांना.

जावयाला सांग, उद्याच दवाखान्यात ने. हे तुझी आई लिहिते. बोलते तसंच लिही, म्हणून बजावलंय. लोभ हाय तो रागासकट ठेवून घे.

सोलापूर, १४ एप्रिल

ती. आजीस सा. न. वि. वि.

दवाखान्यात भरती व्हायला निघाले आहे, घाईत लिहिते. कोरोनाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. डॉक्टरीणबाईंनी बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहिला, ब्याण्णव. गरोदर बाईला एवढा पुरत नाही म्हणाल्या. अशा दिवसांत हा आजार जास्त बळावू शकतो, बाळ वेळेआधी होण्याचीही भीती असते. सासूबाईंनी ओटीचा नारळ उचलून ठेवला आणि माझी पिशवी भरली. कारखान्यातला गुंडा गावाकडे निघालाय, चिठ्ठी त्याच्याबरोबर देते. लोभ वाढवावा, शिव्या कमी कराव्यात.

पूनम

मंद्रूप, १५ एप्रिल

चि. पूनम हीस आशीर्वाद. वि. वि.

गुंडा फाटकातूनच ओरडला, पूनमचा पॉझिटिव्ह आला. दसऱ्याला दिवस गेल्याची खबर आणली तेव्हा हाच शब्द होता की. मी साखर घेऊन चार घरं फिरले. मल्लव्वानं विचारलं, आता कसली? म्हटलं, दुसऱ्यांदा पॉझिटिव्ह हाय, जुळं असंल. घरी येते तर तुझी आई चिठ्ठी धरून रडत बसलेली. विहिणीला हसणारी मी ही अशी शहाणी.

डॉक्टरीण सांगंल तसं कर. पोटातलं हालतंय का, ध्यान ठेव. विहीणबाईंना म्हणावं, नारळ ठेवा, बारशाला लागंल.

बरी होऊन घरी आलीस की रिपोर्टचा शब्द मला कळवू नको, साखर पाठव. थोडीच, कागदाच्या पुडीत. दोरा मात्र तूच बांध. अक्षर मला वाचता येत न्हाय, तुझी गाठ येती.