गाडी काढू नका, ब्रेक उलटे बसलेत

बाबा,

गाडी बाहेर काढू नका. ब्रेक दाबला की पायडल थेट तळाला जातं आणि गाडी आपल्या मनाप्रमाणे चालत राहते. आपल्या घरात हे धाडस करणारी ती एकटीच.

पुढच्या दोन्ही चाकांचे कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे चिमटे, मी उतरवून घासले, नवी रबरं घातली, लाल रंगवले. रंग इतका झकास बसला की डावा कुठला नि उजवा कुठला तेच कळेना, म्हणून अदलाबदल झाली. हवा काढायचा नट वर असावा लागतो, तो आता खाली आलाय. आईने पायडल मारून मारून पाय दुखवून घेतला. तेल गळलं, हवा मात्र आतच. बिचारीला वर जायचंय आणि दार ठेवलंय तळाला.

चूक मला मंगळवारीच कळली होती. तासाभराचं काम. पण सोमवारी तुम्ही याच गाडीतून मला काकांच्या ऑफिसात नोकरीला चिकटवायला नेणार, म्हणून मी गप्प बसून उगाच रंगाचे आणखी दोन हात दिले. आज काकांचा फोन आला, "गाडी नसली तर मी येतो न्यायला." त्यांचे ब्रेक उत्तम आहेत.

मी ब्रेक ऑइल आणायला गेलोय. संध्याकाळपर्यंत गाडी नीट करतो.

त्या नोकरीबद्दल तुमच्याशी बोलायची आईपुढे तीनदा तालीम केली. ती तुमच्यासारखी नुसती खाकरली, तरी तिन्ही वेळा मी "हो बाबा" म्हणालो. म्हणून लिहून ठेवतो.

नाही, बाबा.