चेहरा आणा, मग शब्द

३ जून
बढती घेऊन नव्या गावात आले बाई एकदाची. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, लिफ्ट बंद, आणि सोबत आई. जिना चढताना धापा टाकत म्हणाली की ठमे, मलाही त्या हमालाच्या डोक्यावर दे. ठमी म्हणजे मी. कितीही मोठी साहेबीण झाले तरी तिच्या लेखी ठमीच. ऑफिसला निघाले की ती खिडकीत उभी राहते आणि मी कोपऱ्यावर वळेपर्यंत हात हलवते. लाज वाटते, पण मीही वळून बघतेच.

ऑफिसात नव्या लोकांसाठी सकाळी धंद्याच्या इंग्रजीचा वर्ग असतो, प्रगत. पास झालो तरच बढती पक्की. शिकवणाऱ्या बाई शांत, गोड बोलणाऱ्या. पुस्तकातलं वाक्य त्यांना चालत नाही, आपल्या खऱ्या माणसाचं लागतं. डोळे मिटून आधी चेहरा आणा, मग शब्द, असं त्या सांगतात. चेहरा आला नाही तर वाक्य धरत नाहीत. जमलं की फळ्यावर बरोबरची खूण करतात.

६ जून
आजचा शब्द 'एक्स्पिडाइट', रखडलेलं काम मार्गी लावणं. मी आमच्या वॉचमनचा चेहरा आणला आणि त्याच्याकरवी लिफ्टचं काम मार्गी लावलं. खूण मिळाली. घरी येते तर लिफ्ट खरंच चालू. आई म्हणे दुपारभर उगीचच वर-खाली करत होती. योगायोग, पण हसून हसून पोट दुखलं.

१२ जून
काल आईने माझी पार शोभा केली. मी फोन उचलला नाही म्हणून ऑफिसात फोन लावला, तो मीटिंगमधल्या स्पीकरवर जोडला गेला, आणि साहेबांसकट सगळ्यांनी ऐकलं की ठमी जेवली का. आता अख्खं ऑफिस मला ठमी म्हणतं. आज शब्द होता 'फेज आउट', जुनी गोष्ट एकदम नाही तर हळूहळू बंद करत नेणं. डोकं फिरलेलंच होतं. डोळे मिटले, आईचा चेहरा आणला आणि म्हटलं की मी आईला फेज आउट करतेय. वर्ग खो खो हसला. बाईंनी खूण केली.

१५ जून
दारातल्या आईच्या चपला दिसत नाहीत. घर पालथं घातलं. शेजारीण विचारत होती की एकटीला कंटाळा येत नाही का. आई तिथेच उभी होती, माझ्या शेजारी. तिला ती थट्टाच वाटली. मला नाही वाटली.

१९ जून
आईबरोबरच्या फोटोंत मी एकटी. खांदा जरा झुकलेला, कुणी हात ठेवलाय असा.

बाईंच्या पाया पडले. म्हणाल्या, खूण झालेलं वाक्य मागे घेता येत नाही. काढलेल्या माणसाला पुन्हा त्याच्या जागी घेण्याचा शब्द आहे, 'रिइन्स्टेट', पण तो शेवटच्या धड्यात. क्रम मोडता येत नाही. मी विचारलं, तुमच्या घरी कोण कोण असतं? त्या बराच वेळ आठवत बसल्या.

२१ जून
आईला सगळं सांगितलं. रडले खूप. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मार्क तरी मिळाले ना, एवढंच विचारलं. मग म्हणाली की वेडाबाई, रडत काय बसतेस, तो शेवटचा शब्द नीट पाठ कर. डोक्यावरून हात फिरवला. मला काही जाणवलं नाही.

२४ जून
तिचा आवाज येत नाही आता. ओठ हलतात. ठमे म्हणत असावी. मी दर वेळी ओ देते.

२६ जून
खिडकी रिकामी. तरी हात हलवला. दिवसभर तिचा चेहरा घोकते — कपाळावर व्रण, हसताना एक डोळा बारीक — डावा की —

आई, थांब ना गं थोडी.

२८ जून
सकाळी दोन कप का मांडले मी?

तळहातावर वाक्य लिहिलंय, माझ्याच अक्षरात. पुसायचं नाही असंही लिहिलंय. सारखी खिडकीशी जाऊन उभी राहते. कशासाठी ते —

३० जून, वर्गात
शेवटचा धडा. 'रिइन्स्टेट' फळ्यावर. माझ्याआधी एकच जण उरलाय. तळहातावर आहे, माझ्या आईला पुन्हा तिच्या जागी घ्या. वाचता येतंय. या वहीतही पानोपानी आई, आई. ठमी कोण? कुणीतरी खिडकीत उभं —

बाईंनी माझ्याकडे बघितलं. चेहरा आणा म्हणतायत.

डोळे मिटले. कपाळ — व्रण — पुढे काही —

पुन्हा मिटते. थांबा बाई, येईल, एक मिनिट, माझी आहे ती, माझी