करवत ओलांडायची नाही

९ मे २००९, शनि.
व्हँकुव्हर. नितीनने मदर्स डेची भेट म्हणून आणलंय. मुलगा एवढा गोड वागायला लागला की आईने सावध व्हावं. विमान सुटेपर्यंत थांबला, मग बॅगेतून कागद काढले. माझ्यासाठी एडमंटनमध्येच कॉन्डो, अकरावा मजला, एलआरटी ट्रेनचं स्टेशन दाराशी. बेसमेंट नाही. म्हणजे माझं सुतारकाम बंद. ठोकाठोक मनाई, नियमातच लिहिलंय.
'आई, बर्फ शोव्हल करताना पडलीस. नेक्स्ट टाइम कोण उचलणार?'
पडले, खरं आहे. उठलेही मीच. पुढच्या रविवारपर्यंत सही हवी म्हणे. माझ्या बाबांच्या हत्यारांचं काय? 'वी कॅन डोनेट देम.' तोंड उघडलं असतं तर विमानातच भांडण झालं असतं.

१० मे, रवि.
नदीच्या मुखाशी एक जुनी जपानी गल्ली जपून ठेवलीय. नावा बांधणाऱ्या सुतारांची लाकडी घरं, ओळीने, खांबांवर, खाली चिखल. नि.ला फिश अँड चिप्स हवे होते. म्हटलं, आधी हे.

एका घरात कामाची जागा मांडलेली. टेबल नाही! जमिनीवर बसायचं, फळी पायाने दाबून धरायची. अगदी आमचे बाबा. एडमंटनच्या वुडवर्किंग क्लासात मी अशी बसले तर हसले होते सगळे. आता तेच म्युझियममध्ये, वर पाटी लावून. घ्या!

माहिती सांगायला मिसेस हारा. ऐंशीच्या आसपास, याच गल्लीत जन्मलेल्या. करवत दाखवायला खाली काढून ठेवली. दाते आपल्याकडे वळलेले, ओढून कापायची. पुढच्या खोलीत जाताना त्या करवतीला वळसा घालून गेल्या. मीही. नि. फोनवर बोलत सरळ ओलांडून गेला.

दोघी एकदम ओरडलो. त्या जपानीत, मी मराठीत.

'आई, इट्स जस्ट अ सॉ!'

मी वाकून करवतीला हात लावला, कपाळाला लावला. त्याच्या वतीने. मिसेस हारा त्याला म्हणाल्या, 'माय फादर वुड हॅव स्लॅप्ड यू.' हसत म्हणाल्या, पण निम्म्याच हसत.

नि. जेवायला गेला. आम्ही दोघी पायरीवर. त्या सांगत होत्या, दुसऱ्या महायुद्धात सरकारने जपानी म्हणून सगळ्या गल्लीला उचलून डोंगरापलीकडे नेलं. हातात मावेल तेवढंच घ्या. वडिलांनी हत्यारं तेल लावून, फडक्यात बांधून फरशीच्या फळ्यांखाली ठेवली. कित्येक वर्षांनी परत आले तर फळ्या उचकटलेल्या, हत्यारं गायब. 'ही करवत त्यांची नाही. कुणाची तरी आहे.'

मीही माझं सांगितलं, कॉन्डोचं. सांगताना लाज वाटली. त्यांचं दुःख कुठे, माझी कुरकुर कुठे, एवढी अक्कल आहे मला. पण त्या म्हणाल्या, 'नोबडी आस्क्ड अस. दे आर आस्किंग यू.'

११ मे, सोम.
परत घरी.

१४ मे, गुरु.
दिवसभर खाली बेसमेंटमध्ये. रंधा, पटाश्या, करवत, सगळ्यांना तेल दिलं. काका म्हणायचे, पोरीच्या हातात पटाशी देतोस, सासरी काय दिवे लावणार ही? बाबा म्हणाले, पाट करेल, त्यावर बसून तू जेवशील. जेवले की काका! बाबा गेले तेव्हा बॅगेतल्या साड्या वहिनीला देऊन टाकल्या अन् ही हत्यारं इकडे आणली. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचं मखर गेली वीस वर्षं कोण करतंय?
भीती वाटते, नाही असं नाही. त्या दिवशी बर्फात पडले तेव्हा बराच वेळ आभाळच दिसत होतं. नि.ला हे सांगितलेलं नाही. मुलगा वाईट नाही. घाबरलाय.
पण भीतीपोटी अकराव्या मजल्यावर जाऊन टीव्ही बघत बसू? जमणार नाही.

१६ मे, शनि.
नि.चा फोन. 'फॉर्म साइन केलास?' म्हटलं, उद्या ये, समोरासमोर बोलू. 'डोन्ट बी स्टबर्न, आई.' म्हटलं, शिसवीचं लाकूड आहे, रंधा बेतानं चालव.

१७ मे, रवि.
सकाळपासून पाट करायला बसलेय. जमिनीवर, फळी पायाखाली. मिसेस हारांना पाठवणार आहे. गुडघे बोंबलताहेत, बोंबलू देत.
बाबांची करवत जिन्याच्या पायथ्याशी आडवी ठेवलीय. बाबा, माफ करा, आजच्यापुरतं. खाली यायचं तर वाटेत तीच. ओलांडतो का वळसा घालतो, बघते.
गाडी लागली वाटतं ड्राइव्हवेत. फॉर्म वर टेबलावर पडलाय. पेन खाली माझ्याकडे आहे.