कुंकू लावलेली शेगडी

आई,

तुला वाचता येत नव्हतं तेच बरं, म्हणून मनात येईल ते लिहिते. वर जाऊन शिकली असशील तर दे शिव्या, मला सवय आहे.

माझी मुलगी जर्मनीत दिलीय. जावई वीज बनवणाऱ्या कंपनीत आहे. कोळसा जाळून वीज. गेल्या महिन्यात मी इथे बडोद्याला, घडियाळी पोळातल्या घरी पोहे खात बसलेली आणि फोनवर ती दोघं. जावई सांगतो, “मम्मी, आमच्या कंपनीने तुमच्या खानदेशात बायकांना शेगड्या वाटल्या. लाकूड कमी लागतं. तिथे वाचलेला धूर आम्ही आमच्या कोळशाच्या धुरातून वजा करतो. मग गिऱ्हाइकाला सांगतो, तुमची वीज स्वच्छ.” मी म्हटलं, “म्हणजे उपास आमच्याकडच्या बायकांनी करायचा आणि पुण्य तुम्हाला?” तो हसला. मुलगी नाही हसली. मग त्याने जाहिरातीतला फोटो दाखवला. नव्या शेगडीशेजारी दात काढून बसलेली बाई आपली वहिनी! मागे तुझी चूल आणि धुराने काळा झालेला तुझा कोनाडा.

मी गाडीत बसले आणि माहेर गाठलं. बघते तर शेगडी कोपऱ्यात, हळद-कुंकू लावून, वर वाळलेलं झेंडूचं फूल. वहिनी तुझ्याच चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या सारतेय.

“वहिनी, हिला नवरीसारखी का बसवलीय?”

“अवो ताई, कळण्याची भाकरी मावते का तिच्यावर? तवा डुगडुगतो. पऱ्हाट्या बोटबोट तोडून घालायच्या, कोणाला वेळ आहे?”

“मग फोटोत कशाला हसलात?”

“सांगितलं ना त्या फोटोवाल्याला. म्हणाला, मावशी, फोटोपुरतं बसा. नवी वस्तू घरात आली, कुंकू लावलं, ठेवली. दरवर्षी तपासायला येतो, कोरी करकरीत बघून खूश होतो. म्हणतो, किती जपता!”

मी पोट धरून हसले. तीही हसली आणि हसता हसता खोकायला लागली. आई, तुझाच खोकला. मी लहान आहे, फुंकणी तोंडाला लावून पिपाणी वाजवतेय, तू ती हिसकून माझ्या पाठीत घालतेस, मग स्वतःच हसतेस आणि खोकतेस. गेलीस त्या वर्षी भाकरी थापता थापता थांबायचीस, भिंतीला टेकायचीस, हाताला पीठ तसंच.

वहिनीला बडोद्याला घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, “बेन, पहेला धुमाडो बंद करो, दवा पछी.” म्हणजे आधी धूर बंद, औषध मागाहून. वहिनी म्हणते, “मग भाकरी तुम्ही पाठवा, डॉक्टर.”

घरी येऊन जावयाला फोन लावला. “जावईबापू, शेगडी एकदाही पेटली नाही. तुमचा धूर वाचलाच नाही. बाई समोर बसलीय, खोकून दाखवायला सांगू?” तो मग म्हणाला, “मम्मी, ते तिथल्या एजन्सीचं काम. आमच्या हिशेबात ते मोजून झालंय.” मोजून झालंय! म्हटलं, “मग हिला भाकरी भाजता येईल असं काहीतरी द्या.” तर म्हणे तशी स्कीम नाही. किती गोड आवाजात बोलला! शिसारी आली मला. आमच्या गल्लीतला दूधवाला पाणी घालतो, पण विचारलं की खाली तरी बघतो. तुझे जावई, म्हणजे आमचे हे, जन्मभर इथल्या कोयलीच्या तेलाच्या रिफायनरीत राबले. घरी आले की शर्टाला तो वास. मी नाक धरायची, चिडवायची. पण ते कधी म्हणाले नाहीत की अत्तर आहे म्हणून.

वहिनी उद्या परत चाललीय. राहा म्हटलं तर म्हणते, तुमच्या भावाला भाकरी कोण घालेल? चुलीपुढेच बसणार जाऊन. मला दोघांचाही राग येतो, तिचा आणि भावाचा.

हे पत्र काही कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं सांगून टाकते. आत्ताच मुलीचा फोन आला होता. तिकडे बर्फ पडतोय आणि तिचं बाळ अजून अंगावर पितं. जावयाशी मी बोलले नाही. पण तिला विचारलं, घरात ऊब आहे ना गं? म्हणाली, “हो मम्मी, वीज ह्यांच्याच कंपनीची, हीटर बंदच करत नाही.” आतल्या खोलीत वहिनी खोकत होती. तरी आई, मला बरं वाटलं.