निप्पलचं तोंड

बुधवार, दिवेलागण

जीपच्या पुढच्या शाफ्टचा क्रॉस, सांध्यातला लोखंडी जोड, आज तिसऱ्यांदा तुटला. नाल्याच्या चिखलात चारी चाकांना जोर द्यायला फोर-बाय-फोर टाकलं आन् खालून खाडकन आवाज आला. बायकोला, रंजनाला, नववा लागलाय. वस्तीवरून भोकरदनच्या दवाखान्यात न्यायला नाल्यातून हीच एक गाडी निघती, आन् तीच आता गॅरेजात.

गॅरेजवाल्या सलीमचाचांना म्हणलं, यावेळी जाडा क्रॉस टाका, जन्मात तुटायचा न्हाई असा.

"तो न्हाई तुटणार. मंग सगळा झटका ट्रान्सफर केसवर, गिअरच्या डब्यावर, जाऊन तीच फुटल. तेव्हा काय करशील?"

मंग मी करू तरी काय? साधा टाकला तर नाल्यात दगा, जाडा टाकला तर केस जाणार.

चाचांनी तुटलेला क्रॉस माझ्या हातावर ठेवला. आतून कोरडा, गंजून लाल झालेला. ग्रीस कधी मारलंस, म्हणले. मी म्हणलो, दर महिन्याला. साफ खोटं. ग्रीस भरायचं निप्पल केसकडं तोंड करून बसलेलं, तिथं ग्रीसगन पोचतच न्हाई. आन् तो क्रॉस तसा उलटा मीच बसवल्ता. त्याच्या आधीचाही मीच. तीन महिने म्हणून राह्यलो, माल हलका येतो.

चाचा साधाच टाकणार आहेत, निप्पल बाहेरच्या बाजूला. पण उद्यापर्यंत होईल का? आजच कळा सुटल्या तर?

रंजनानं आत्ता विचारलं, "गाडी कधी येती?"

"उद्या. यावेळी चाचा बसवून राह्यले."

"मंग ठीक," म्हणली, आन् लगेच डोळे मिटले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा अशी निवांत झोपली.