सोनाळ्याची पुसलेली विक्री

मोताळा
१४ डिसेंबर २०१७

प्रिय मयुरी,

‘प्रिय’ हा शब्द सवयीने लिहिला गेला आहे, त्यावरून कसलीही समजूत करून घेऊ नकोस. फोन तू उचलत नाहीस. बाजाराच्या दिवशी मला लांबून पाहिलंस आणि एका भाजीवालीच्या पालामागे जाऊन उभी राहिलीस. त्या पालामागे कोथिंबीर नसते, गटार असतं, हे याच गावात जन्मलेल्या बाईला माहीत आहे. तेव्हा हे पत्र. पत्र मध्येच बंद करता येत नाही, निदान चांगल्या घरात.

माझी तब्येत बरी आहे. गुडघे कुरकुरतात. निवृत्त झाल्यावर वेळ कसा जातो, असं लोक विचारतात. तुझ्यासारखी वारस मागे ठेवली की वेळ संतापात फार चांगला जातो. अध्यक्ष अर्जुनराव परवा भेटले आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, “मॅडम, तुमचं मराठी काय शुद्ध आहे हो!” मी मोताळ्याची, माझे आजोबा मोताळ्याचे, आणि तीस वर्षं या माणसाला माझ्या मराठीचं आश्चर्य वाटतंय. पण त्या दिवशी ते कौतुकासाठी आले नव्हते. त्याबद्दल पुढे लिहीन, कारण आधी तुला काही गोष्टींची आठवण करून द्यायची आहे. तू विसरली नाहीस हे मला ठाऊक आहे, तरीही.

हिवरा आश्रमाहून शिकून तू आमच्या कापूस संघात आलीस, तेव्हा अर्जुनराव तुला टायपिंगला बसवणार होते. “पोरगी साधी आहे, पत्रं काढत राहील,” असं म्हणाले. मी तुला संगणक विभागात मागून घेतलं, कारण पहिल्याच दिवशी तू मला विचारलंस, “मॅडम, एकच हिशोब दोन मशीनींत ठेवाचा, मंग दोघींचं भांडण झालं त् खरं कोनाचं?” इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता, संचालक मंडळाने तर नाहीच. मी खूश झाले होते. मूर्ख बाई.

उत्तरही मीच दिलं होतं. एक यंत्र मोताळ्याच्या मुख्य कार्यालयात, दुसरं सोनाळ्याच्या शाखेत. बियाण्याचं एक पाकीट कुठेही विकलं गेलं की दोन्हीकडे नोंद व्हायची. आणि तिसरं एक लहान यंत्र, मोताळ्यातच, ज्यात कापसाची एकही नोंद नाही, त्याचं काम फक्त मत देणं. मधली तार तुटली तर ज्या बाजूला दोन मतं, ती बाजू चालू राहील. जी एकटी पडली, तिने गप्प बसायचं. विक्री बंद. लोक ओरडले तरी बंद. दर महिन्याला मी मुद्दाम भर कामात तार उपसायचे आणि तुला सांगायचे, बघ, सोनाळा थांबला का? थांबला की आपण चहा प्यायचो. न थांबणारं यंत्र चांगलं, असं दुकानदार सांगतो. चुकायच्या आधी थांबणारं चांगलं, हे मी तुला सांगितलं.

मी निवृत्त झाले आणि तिसऱ्या यंत्राची बढती झाली. ते अर्जुनरावांच्या केबिनमध्ये गेलं, कारण पाहुण्यांना निळे दिवे दाखवायला बरे, शिवाय तिथे एसी. आणि आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे. साहेब गाडीत बसले की शिपाई केबिनचा मेन स्विच पाडून कुलूप लावणार. “साहेब नाही त् लाइट कायले?” त्याची काहीच चूक नाही, तीस वर्षं त्याला हेच शिकवलं. साहेब मुंबईला गेले की मत देणारं यंत्रही मुंबईला गेल्यासारखं. तशात सोनाळ्याची तार तुटली की दोन्ही यंत्रं एकेक मत घेऊन एकटी पडायची आणि शिकवल्याप्रमाणे दोन्ही गप्प बसायची. मग मोताळ्याच्या रांगेतून आरडाओरड, आणि मुंबईहून तुला फोन.

यावर तू काय करायला हवं होतंस? ते यंत्र केबिनमधून उचलून आणायचं. पण त्यासाठी अर्जुनरावांना तोंडावर सांगावं लागलं असतं की साहेब, तुमच्या खोलीत हे नको. ते तुला जमलं नाही. तू मताचा नियमच काढून टाकलास. आता तार तुटली तरी दोन्ही बाजू खुशाल एकट्याने विक्री करणार. काम थांबेना, फोन येईना. अर्जुनरावांनी सभेत तुझं नाव घेतलं, टाळ्या वाजल्या. मी तिथे पाहुणी म्हणून बसले होते, मीही वाजवल्या. मला नियम काढल्याचं माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्याच हातांनी दुसरं काही वाजवलं असतं.

मग जून. पेरणीची घाई, रस्त्याच्या खोदकामात तार तुटली, आणि ती जोडेपर्यंत मोताळा आणि सोनाळा दोन्हीकडे बियाणं विकलं जात राहिलं, एकमेकांना न कळवता. दोन्हीकडे तेच पावती क्रमांक, माणसं वेगळी. तार जोडल्यावर यंत्रं जुळेनात. तेव्हा तुझा मला फोन आला. “मॅडम, दोघी दोन गोष्टी सांगून राह्यल्या. कोणची ठेवू?” मी म्हणाले, कोणतीच पुसू नकोस. दोन्हींची नक्कल काढ, हात बाजूला ठेव, मी रिक्षा करून येते. मला यायला जेवढा वेळ लागला तेवढाही तुला धीर धरवला नाही. अर्जुनराव दारात उभे होते म्हणे, “आटप वं पोरी, लोक थांबून राह्यले.” मी पोचले तेव्हा सोनाळ्याचं सगळं पुसून मोताळ्याची नक्कल तिथे चढवून झाली होती. तू म्हणालीस, “झालं मॅडम, जुळलं.” जुळणारच. दोन साक्षीदारांपैकी एकाचा गळा दाबला की साक्ष जुळतेच. मी तुला त्याच दिवशी सांगितलं, सोनाळ्याला जा, लोकांना बोलाव, नोंदी पुन्हा कर. तू हो म्हणालीस. तुझ्या त्या ‘हो’वर मी विश्वास ठेवला.

तू गेली नाहीस. मी गेले, गेल्या आठवड्यात. एसटीत गुडघ्यांचं भजं झालं. सोनाळ्यात, त्या दिवशी आपल्या शाखेतून बियाणं घेतलेल्या सहदेवच्या शेतात उभी राहिले. बोंडं दिसायला टपोरी, फोडली की आत गुलाबी अळी आणि कापसाच्या जागी पिवळी, चिकटलेली कवडी. ज्या बियाण्यावर अळी येणारच नाही असं पाकिटावर छापलं होतं, त्याच्यावर अळी मेजवानीला बसली आहे. सगळीकडेच आली, पण जूनमध्ये विकलेल्या त्या खेपेच्या बियाण्यावर सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त. त्या खेपेची भरपाई मागायला लोकांनी तक्रार केली. बियाण्याच्या कंपनीने संघाला विचारलं, हे तुमचे गिऱ्हाईक का? संघाने यंत्रात पाहून सांगितलं, नाहीत. म्हणजे यांनी परवानगी नसलेलं चोर बीटी लावलं आणि आता बोंबलतायत. सहदेवच्या मुलीने पावतीचा फोटो काढून ठेवला होता. तो क्रमांक संघाच्या यंत्रात मोताळ्याच्या उत्तमरावांच्या नावावर निघाला. झालं, सहदेव आता खोटी पावती करणाराही ठरला. बाकीच्यांच्या पावत्या त्या गुळगुळीत कागदाच्या, दिवाळीपर्यंत अक्षरं उडून कोऱ्या झाल्या.

सहदेव मला म्हणाला, “मॅडम, मी चोर बियाणं लावलं म्हन्ते संघ. मंग रांगीत उन्हात मी काऊन उभा होतो? टाइमपास कराले?” त्याची बायको चांगुणा कापूस वेचत होती, तिने मान वर न करता विचारलं, “बाई, तुमच्या मशीनले आमच्याच गावाचा विसर पडते का सगळ्याइचाच?” माझ्याकडे उत्तर होतं. ते मी दिलं नाही, कारण ते द्यायचं काम तुझं आहे. पोलिसांत तक्रार देण्याची भाषा संघ करतोय. गावच्या शाळेच्या समितीवरून सहदेवचं नाव काढलं. ज्या माणसाने आयुष्यात उसाचं कांडंही विचारल्याशिवाय मोडलं नाही, त्याच्या अंगणासमोरून लोक मान वळवून जातात.

आणि संघाचा हिशोब तर बघ! सोनाळ्याच्या गोदामात पाकिटं कमी भरली ती उंदरांच्या नावावर टाकलीत, आणि गल्ल्यात जास्त आलेली रक्कम ‘किरकोळ जमा’. म्हणजे उंदरांनी बियाणं खाल्लं आणि पैसे मोजून गल्ल्यात टाकून गेले. इतके सज्जन उंदीर बुलढाणा जिल्ह्यात असतील तर पुढच्या निवडणुकीत त्यांनाच संचालक करा. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये इतकं वाईट खोटं बोलणाऱ्या मुलीला सिस्टर खोटेपणासाठी नव्हे, आळशीपणासाठी शिक्षा करायच्या.

तुझी बाजू मला माहीत आहे. याच महिन्यात तुला कायम करण्याचा ठराव आहे. प्रेमानंदभाऊंना, तुझ्या वडिलांना, किती वाट पाहून हा दिवस दिसतोय. आपल्या घरातली पहिली मुलगी खुर्चीवर बसली म्हणून त्यांनी मला पेढे आणून दिले होते. बोललीस तर ठराव होणार नाही, हेही खरं. हे सगळं मी लिहिते आहे कारण तुला वाटेल की म्हातारीला काही कळत नाही. कळतं. तरीही माझा राग तसूभर कमी होत नाही. तार तुटली हा अपघात. घाबरून पुसलंस, ती चूक, माणूस करतो. पण सहा महिने तू सोनाळ्याला फिरकली नाहीस आणि त्या गावाला लोक चोर म्हणताना बघत बसलीस, याला मी काय म्हणू?

आता अर्जुनराव माझ्याकडे का आले होते ते. सोमवारी तालुक्याच्या चौकशी समितीपुढे सुनावणी आहे. त्यांना माझ्याकडून दोन ओळी लिहून हव्या आहेत, की ही यंत्रणा मी बसवली आणि तिच्यातून नोंद हरवूच शकत नाही. खाली सही, निवृत्त विभागप्रमुख. मी म्हणाले, लिहून कशाला, मी स्वतः येते. ते फार खूश होऊन गेले. पण जूनमधल्या त्या दिवशीच्या पुसलेल्या नोंदींचा कुठेही मागमूस उरलेला नाही, ते मी तपासलं आहे. उरली आहेस फक्त तू, आणि तुझा मला आलेला फोन. मी बोलले तर ते म्हणतील, म्हातारीला नव्या पोरीचा मत्सर. तू बोललीस तर कोणाला काही म्हणता येणार नाही. सुनावणी सकाळी अकराला आहे. सोनाळ्याची माणसं डाव्या हाताच्या बाकांवर बसतील, मी त्यांच्यात बसणार आहे आणि शेजारी एक जागा पिशवी ठेवून धरणार आहे. साडेअकरापर्यंत तू आली नाहीस तर पिशवी उचलीन आणि उभी राहून तुझं नाव घेईन.

अजून तरी तुझीच,
खैरुन्निसा मॅडम