भंवरीबाईंचा हात आणि रूपचंदजींचा चुडा

घोडेगाव, वैशाख शुद्ध पंचमी, शके १८३०

ती. सौ. प्यारीजीजीच्या चरणी धाकट्या उगमचा नमस्कार. पुण्यास सर्वांच्या प्रकृती ठीक असाव्यात. तुझा गुडघा जिना चढू देत नसेल, तर त्याचे ऐकावे. आपल्या वयात हाडांशी वाद घालू नये, हे मी सध्या डोळ्यांनी पाहत आहे.

जीजी, कॉन्व्हेंटमध्ये शनिवारी आपण दोघी पलंगपोस पिळायचो, आठवते? तू एका टोकाला, मी दुसऱ्या. मी नेमकी उलट्या बाजूने पिळायची, त्यामुळे पाणी निघायचेच नाही, पलंगपोस नुसता गरगर फिरायचा. मदर म्हणायच्या, देव हिला सासरी धुण्याला बाई देवो. देवाने दिली. ती म्हणजे आहुप्याची गोजरबाई. होळीच्या आधी तिच्याबरोबर माझ्या थोरल्या जाऊबाई, भंवरीबाई, रजईची खोळ पिळत होत्या (मला अजून कोणी पिळू देत नाही), आणि वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.

गोजरबाई म्हणाली, "आवं बाई, चुडा पिचला जनू."

आपल्यात नवऱ्याच्या हयातीत हस्तिदंती चुडा पिचणे म्हणजे त्याच्या जिवावरचा अपशकुन, हे तुला सांगायला नको. सगळे घर दुकानाकडे धावले. रूपचंदजी (भंवरीबाईंचे यजमान, माझे जेठ) धान्य मोजत होते. त्यांना उचलून आणून पलंगावर निजवले, तळपायांना तूप चोळले, सरबत पाजले. एवढी माणसे तोंडाकडे पाहू लागल्यावर त्यांच्या छातीतही धडधडू लागले. भंवरीबाई उशाशी बसून एका हाताने वारा घालत होत्या. दुसरा हात नुसता लोंबत होता, पण त्याच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती, त्यांना स्वतःलाही नाही. शेवटी त्यांनी मनगटापासून दंडापर्यंत चुडा चाचपला, तर तो सगळा धड.

"मग मोडलं काय?" रूपचंदजी झोपूनच म्हणाले.

"बाईंचा दंड मोडलाय, शेट," गोजरबाई म्हणाली.

"एवढंच ना," म्हणून भंवरीबाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि मग त्यांना घेरी आली.

दुसऱ्या दिवशी जुन्नरहून डॉक्टर आले. म्हणाले, वयाने हाड आतून झिजून पोकळ झाले आहे, वाळवी लागलेल्या वाशासारखे. खोळीचे फक्त निमित्त. (गेल्या साली खोकताना बरगडीत लचक भरली, तीही लचक नव्हती म्हणे.) पण खरी भीती दुसरीच होती. दंड सुजून चुडा मांसात रुतला होता आणि बोटे निळी पडत होती. संध्याकाळपर्यंत चुडा कापला नाही, तर पुढे हात कापावा लागेल.

"हात कापा," भंवरीबाई म्हणाल्या. "हात माझा एकटीचा आहे. चुडा दोघांचा आहे."

जीजी, हे गेल्यावर माझा चुडा उतरवायला बायका जमल्या होत्या, तेव्हा याच भंवरीबाईंनी सर्वांना बाहेर घालवले, माझे हात मांडीवर घेतले आणि तेल लावून एकेक बांगडी अशी काढली, की मला वाटले निजवताहेत. त्यांचा हात जाताना मी पाहत बसणार नव्हते. पण जेठांशी बोलायचा रिवाज नाही. इतकी वर्षे एक शब्द बोलले नव्हते. मी घुंघट ओढला आणि खांबाला म्हणाले, "खांबा, चुडा ज्याच्या नावाचा, त्यानेच आपल्या हाताने कापला, तर जाऊबाई नाही म्हणायच्या नाहीत."

रूपचंदजी उठले. खांबालाच म्हणाले, "मी जिवंत उभा राहून कापतो. मग यमाला यात अपशकुन कसला दिसणार?" त्यांनी करवत घेतली. भंवरीबाईंनी अट घातली, की हात जुळेपर्यंत आपल्या धड हातातली दंडावरची एक बांगडी रूपचंदजींनी घालावी, म्हणजे सौभाग्य घरातल्या घरात राहील. त्यांनी तेल लावून ती मनगटावर चढवली.

तेव्हापासून चुडा घालून ते दुकानात गादीवर बसत. डोंगराकडचा सावळेराम नाचणी घेऊन आला, तो म्हणाला, "शेट, पुन्यांदा लगीन ठरलं व्हय?"

"नाही राव," रूपचंदजी म्हणाले, "पहिलंच अजून चालू आहे."

हात जुळला, थोडा वाकडा. बोटे गोरी झाली. काल भंवरीबाईंनी त्याच हाताने माझ्या ताटात वाटीभर खीर वाढली, आणि मी ती वाटी पुसून खाल्ली.

तुझी
उगम

ता. क. पत्राचे खरे कारण असे, की ती बांगडी रूपचंदजींच्या हातातून निघत नाही. तेल झाले, साबण झाला. कापू देत नाहीत, म्हणतात, "ही कापली आणि तिला काही झालं तर?" चुडे कातणारा कातारी रविवार पेठेतून पाठव. पॉलिश करायला आलो, असे त्याने सांगावे आणि करवत पिशवीत ठेवावी.

पुन्हा ता. क. वरचे कोणीतरी खांबाला सांगितले आणि रूपचंदजींनी ऐकले. करवत नको. कातारीने भंवरीबाईंसाठी एक नवी, हलकी बांगडी तेवढी आणावी. कापलेल्या चुड्याची वाटणी त्यांनी अशी केली आहे: एक तुकडा तुला, देवघरात ठेवायला; एक गोजरबाईच्या लेकीला, लग्नात; एक घासून पातळ करून मला, पुस्तकात खूण ठेवायला. रूपचंदजींच्या हातातली बांगडी कोणालाच नाही. ती ते आपल्याबरोबरच नेणार आहेत.